चिठ्ठीत आली अफवा

बेलापूर, अकरावा मजला, शनिवारची दुपार.
जैवसुरक्षा आणि आपत्कालीन व्यवस्थापन, एम.एस्सी., दुसरं वर्ष.
एसी इतका की थळे अग्निशमन दलातला असून
मफलर गुंडाळून बसतो.

वर्टी मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या स्टीलच्या डब्यात,
डब्याला अजून लोणच्याचा वास.
आजचा सराव: खाडीकाठी तेरा फ्लेमिंगो मेलेले,
दिवस पहिला, सकाळचे सहा चाळीस,
नमुने प्रयोगशाळेच्या वाटेवर, निकाल माहीत नाही.

थळेला जिल्हाधिकारीपद आलं, तो लगेच ताठ झाला.
झीनतला पशुवैद्यक. ती खरीच पशुवैद्यक,
म्हणून तिनं तोंड वाकडं केलं.
कुणी बंदर, कुणी बाजार समिती.
माझ्या चिठ्ठीत एकच शब्द: अफवा.

सगळ्यांपुढे हुद्द्याची पाटी. माझ्यापुढे पाण्याची बाटली.
नियम असा की बाकीचे दहा-दहा मिनिटं बोलणार,
अफवा दर फेरीला एक वाक्य.

पहिल्या फेरीत मी म्हणाले,
पाम बीचला कुत्रंपण मेलंय, माझ्या जावेनं पाहिलं.
दुसऱ्या फेरीत,
डॉक्टर लोकांच्या घरी अंडी कधीच बंद झालीत.
तिसऱ्या फेरीत काहीच बोलले नाही,
पर्समधून मास्क काढला
आणि लावला.

चाळीस मिनिटांत तुर्भ्याचा बाजार बसला.
थळे अजून परिपत्रकात
'तूर्तास' बरं की 'सद्यःस्थितीत' यावर अडलेला.

टाळ्या.
मॅडम म्हणाल्या, अगं, हे कुठं शिकलीस?

कोपरखैरण्याच्या नाक्यावर, मॅडम.
मी नववीत होते, आईची अंड्यांची गाडी,
दूर कुठल्या जिल्ह्यात कोंबड्या पुरल्याची बातमी.
त्या आठवड्यात आईनं उरलेले सगळे ट्रे उकडले,
आम्ही खाल्ली, मग परत खाल्ली,
मग शेजारच्या दारात पातेलं ठेवलं, वर झाकण.
सकाळी ते झाकणासकट आमच्या दारात.
शेजारीण वाईट नव्हती. तिचं बाळ सहा महिन्यांचं होतं.

यातलं काही बोलले नाही.
म्हणाले, निरीक्षण, मॅडम.

मग फळ्यावर बाण आले, बाणांना चौकोन,
अफवेचा बंदोबस्त कसा करायचा.
थळे म्हणाला, सोपं आहे,
पराचा कावळा करणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा.

मी हात वर केला.
साहेब, पर तर होता ना?
तेरा पक्ष्यांचे कितीतरी होते, चिखलात.
ते उचलायला तुम्ही कुणाला पाठवलं,
त्याला हातमोजे दिले का,
अंगावरचे कपडे त्यानं कुठं धुतले,
रात्री बायकोनं विचारल्यावर
तो काय म्हणाला?
मी तिथून निघाले, साहेब.
तुमच्या परिपत्रकाच्या पाच तास आधी.

थळेनं वही चाळली.
वहीत होतं: कंत्राटी कामगार, चार.
नावाच्या रकान्यात आडवी रेघ.
तो वाईट नाही, थळे. त्यानं मफलर सोडला,
आणि त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला.

आठवड्यानं माझा अहवाल परत आला,
त्या परिच्छेदापाशी हिरव्या शाईत मॅडमचा प्रश्न:
संदर्भ?

रात्री आई मेथी निवडत होती.
विचारलं, तेव्हा, गाडी बंद होती तेव्हा,
तुझ्याकडे सरकारी कुणी आलं होतं का गं?
काही सांगायला, विचारायला?
आला होता की, ती म्हणाली, एकजण.
काय म्हणाला?
परवाना आहे का म्हणाला.

तळटीप क्रमांक सात:
मौखिक. स्वयंपाकघर, घणसोली. रात्री साडेनऊ.