आतला रूळ

माझगावच्या गोदीत, कोळशाच्या वखारीमागे
रूळ भिंतीला भिऊन एकदम वळतात.
तिथे वाघिणी किंचाळायच्या.
नाव वाघीण, आवाज शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीचा,
डोंगरीपर्यंत जायचा.
एका महिन्यात तिसरी वाघीण रुळावर चढली
आणि कापसाच्या गाठींसकट कुशीवर निजली,
तेव्हा खरशेदजी फोरमन परळच्या कारखान्यात
भागोजी पांचाळाच्या लेथपाशी येऊन उभा राहिला.
"चाक तुझं. जबाब दे."

मी तेव्हा सतरा वर्षांचा.
माझं काम तेलाची बुधली धरायची, लोखंडाचा कीस झाडायचा,
मोठ्यांच्या बोलण्यात पडायचं नाही.

भागोजी म्हणाला, "शेट, खळ्यात मळणी पाहिलीत कधी?
तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरतो,
कडेचा पळून पळून तोंडाला फेस आणतो.
जमतं त्यांना, कारण पाय ज्याचे त्याचे.
ही दोन चाकं एकाच कण्यावर ठोकलेली.
ह्याचा फेरा तोच त्याचा फेरा.
बाहेरच्याला वाट लांब, आतल्याला आखूड.
मग कुणीतरी घसटत जाणारच."

शिदोरीच्या फडक्यातून त्याने दोन फुलपात्रं काढली,
तोंडाला तोंड लावून चिंधीने आवळली,
दोन कामट्या वाकवून उतरत्या फळीवर ठेवल्या
आणि जोडी वर सोडली.
ती डुलली. जराशी बाहेर सरकली.
बाहेरच्याचं रुंद अंग टेकलं, आतल्याचं निमुळतं,
आणि वळणाबरोबर वळली
कुणी न सांगता.
मग बुडाला बूड लावून बांधली.
पहिल्याच वितीत खाली. ठण्ण.
मी हसलो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

साहेबाने पुस्तक उघडून दाखवलं.
चाकाला उतार असतो, विसास एक,
हे आम्हाला ह्याच्या बापाच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.
"असेल," भागोजी म्हणाला, साहेबाला नाही, लेथला,
"पुस्तकात माझगावची भिंत नाही."

रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो.
ओहोटी होती, चिखलाचा वास.
तो रुळाशी पालथा पडून बघत राहिला.
बाहेरच्या रुळाची आतली धार चाकाच्या कडेने तासून काढलेली,
खाली खडीवर चांदीसारखा चुरा.
चिमटीत घेऊन त्याने तो बराच वेळ चोळला.
"उतार इथवर पुरतो," म्हणाला.
"गोडीने वळायचं ते इथे संपलं.
ह्यापुढे हात धरायला पाहिजे.
आतल्या अंगाला आणखी एक रूळ टाका.
भार घ्यायला नाही, नुसता उभा राहायला.
आतल्या चाकाची पाठ त्याला घासेल,
मग बाहेरचं चाक चढू म्हणेल तरी चढणार नाही."
मधली फट किती?
त्याने हात घातला.
दोन बोटं, आणि लेथने अर्धंच ठेवलेलं तिसरं.
नंतर साहेबाने पट्टी लावली : पावणेदोन इंच.

शिमग्याआधी रूळ पडला.
किंचाळणं थांबलं नाही, खोटं कशाला सांगू.
वाघिणी पडायच्या थांबल्या.
वहीत लिहिलं, वळण दुरुस्त, खाली साहेबाची सही.
भागोजीची त्या रविवारची हजेरी लागलीच नाही.
त्याने ती मागितली, दोनदा.

मला मग तिथेच धाडलं, एरंडेल आणि कुंचा देऊन.
बावीस वर्षं त्या रुळाला तेल लावलं.
भागोजी गेला, खरशेदजी घरी बसला,
फुलपात्रांतलं एक माझ्याकडे आहे, पोचा पडलेलं.

एवढंच सांगायचं होतं,
की त्या रुळाच्या डोक्यावरून कधी चाक गेलं नाही.
वर गंज, बोट लावलं तर लाल उठतो.
कुशीला मात्र, जिथे येणारं जाणारं प्रत्येक चाक
पाठ घासून जातं,
तिथे रात्री कंदील धरला
की माझा हात दिसायचा.