प्रतिवेदकाची पाळी

सोमवारी अडीचला प्रार्थना.
सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात म्हणे;
आम्हाला तेव्हा आत घेत नाहीत.
देवाशी काय बोलणं झालं, त्याची नोंद नसते.

दार उघडतं तोवर गदा टेबलावर आलेली,
चांदीची, वर सोन्याचा मुलामा.
भीमानं खांद्यावर घेतली नसती. फार नक्षी आहे.

मी वर सज्जात, अध्यक्षांच्या डोक्यावर.
दहा मिनिटं ऐकायचं, मग खोलीत जाऊन लिहायचं.
अडखळणं गाळा. दोनदा आलेलं एकदा घ्या.
वाक्याचं शेपूट तुटलं असेल तर जोडा,
अर्थाला नवं लावू नका.
हे मला इथे येऊन शिकावं लागलं नाही.
बाबा सांगलीला जिल्हा परिषदेत लघुलेखक होते:
साहेब खोकले की स्वल्पविराम,
पाणी प्यायले की पूर्णविराम,
आणि रागावले, तर पोरी, पेन्सिलीला टोक करायला घ्यायचं.

दोनशे माणसं एकदम ओरडतात.
त्या सगळ्याला आम्ही कंसात एकच शब्द देतो:
व्यत्यय.

सातला मतदानाची घंटा. आठ मिनिटं.
सूप तसंच टाकून लोक पळतात,
जिन्यात एकाच्या गळ्यात अजून हात पुसायचा रुमाल.
पोटकलम चार, ‘किंवा’च्या जागी ‘आणि’.
बाजूनं तीनशे अकरा, विरोधात दोनशे बासष्ट.
या देशात आता तिथे ‘आणि’ आहे.
मला उगीचच बरं वाटलं.

दहाला सभागृह ओसरतं, जेवणावळ उठल्यासारखं.
हिरव्या बाकांवर कागद, एक विसरलेला चष्मा.
उरले एक मंत्री, एक जांभई देणारे प्रतोद,
आणि हेदर ऑल्डरॉइड,
जिला शेवटचा अर्धा तास मिळाला आहे
एका पादचारी पुलासाठी.

नदी लहान. पूल सात वर्षं बंद.
वळसा चार मैलांचा.
नॉर्मन स्टॅन्सफील्ड, वय एकोणऐंशी,
बायकोच्या गोळ्या आणायला निघाले, नोव्हेंबरात,
आणि पूर्वी लोक जायचे तसे
दगडांवरून

इथे ती थांबली.
खोकली नाही. पाणी मागितलं नाही.
समोरच्या घड्याळात अकरा सेकंद.
प्रतोदांनी मान वर केली.
मग म्हणाली, “अंदाजपत्रकाकडे वळते.”

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. लिहून आणलेलं.
सदस्यांच्या भावना, परिषदेचा अखत्यार,
येत्या काळात, योग्य त्या स्तरावर.
कागदी घोड्यांना इथे खोगीर फार छान घालतात.
पुलाचं नाव त्यांनी चुकीचं वाचलं.
मी दुरुस्त केलं. तो नियमच आहे.
आता छापील पानावर
मंत्र्यांना तो पूल ठाऊक आहे.

अकरा सेकंदांचं काय करायचं?
‘व्यत्यय’ लिहावं, तर केला कुणी?
टिंबं टिंबं देत नाहीत आमच्याकडे.
शेवटी वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला,
आणि ओळ सोडून नवा परिच्छेद.
संपादकानं विचारलं, इथे कशाला तोडलंस?
म्हटलं, राहू दे.

द्वारपाल ओरडला, “घरी कोण जाणार?”
रोज ओरडतो.
म्हणे पूर्वी वाटेत लुटारू असत,
सभासद सोबतीनं निघायचे.
आता कुणी हाकेला ओ देत नाही,
आपापला कोट घेतात.

बाहेर थेम्स, भरतीची.
वेस्टमिन्स्टरच्या पुलावर ती पुढे चालली होती,
फायलींची पिशवी या हातातून त्या हातात घेत;
मी मागे, वीसेक पावलांवर.
मध्यावर ती कठड्याशी थांबली.
मीही थांबले.
एक बस गेली, मग आणखी एक.

या वेळी मी मोजलं नाही.