गोलफरक

हॉकी स्टेडियमच्या स्टॉपवर केएमटीतनं रोज शंभर माणसं उतरतात,
आत काय चालतं ते त्यांतल्या चौघांना ठाऊक.
गर्दी फुटबॉलला. पेठा तिकडं भांडतात.
आमच्या मॅचला चौगुले सर, पाण्याचे दोन कॅन
आणि टर्फ भिजवणारा मारुतीमामा,
ज्याला स्कोर विचारला तर तो पाण्याचा दाब सांगतो.

तरी कागद निघतोच.
तीन संघ, सहा-सहा गुण.
आम्ही सांगलीला हरवलं, सांगलीनं साताऱ्याला,
साताऱ्यानं आम्हाला.
कुत्रं शेपटीमागं फिरावं तसा हिशेब फिरला
आणि जागेवर येऊन बसला.
मग पोटकलम:
केलेले गोल वजा खाल्लेले गोल.
सांगली सात. सातारा सहा. आम्ही पाच.
पुढं दोनच जाणार.

केतकी शिंत्रेनं केमिस्ट्रीच्या जर्नलमागं चारदा मांडलं,
चारदा पाचच आले.
"एक गोल कमी खाल्ला असता तर बरोबरी गं,
मग केलेले बघतात. आपले आठ, त्यांचे सात."
मी म्हणालो, "व्हय."
आमच्याकडं पोरीही 'म्हणालो'च म्हणतात.

तो एक गोल मला पाठ आहे.
आजऱ्याचा संघ. अकराच जणी, बदलीला कोणी नाही,
स्टिका नाना रंगांच्या, चिकटपट्टी एकाच रिळाची.
सहा-शून्य. शेवटचं मिनिट.
प्रिसिला बारदेस्कर उजवीकडनं आली,
चेंडू पुढं, धाप मागं,
डीत शिरली आणि मारला,
नीट लागलाही नाही.
मी पाय टाकला.
पाय जरा उशिरा पडला.

किती उशिरा, सांगता येत नाही.
पॅडचा पट्टा सैल होता, हे खरं.
ऊन डोळ्यांवर होतं, हेही खरं.
आणि ती पळत येताना
कुठंतरी आत वाटलं का, की जाऊ दे,
हे मी मला अजून विचारलेलं नाही.

त्या अकरा जणी अशा नाचल्या
की पंच शिट्टी ओठांशी धरून थांबले.
मारुतीमामानं पाइप टाकून टाळ्या वाजवल्या.
पाणी तसंच वाहत राहिलं, साइडलाइनपर्यंत.

तक्त्याला रकाने आठ:
खेळले, जिंकले, बरोबरी, हरले,
केले, खाल्ले, फरक, गुण.
नववा आखायला जागा असते,
आखत कोणी नाही.

मंगळवारी विद्यापीठाच्या संघाची यादी लागली, जिमखान्याच्या काचेत.
अठरा नावं. गोलकीपर दोन,
एक सांगलीची, एक साताऱ्याची.
रेघेखाली मी. राखीव.
चौगुले सरांनी खिशातनं पॅडचं नवं बक्कल काढलं,
हातावर ठेवलं,
आणि ऑफिसात काम आहे म्हणाले.

केतकी काचेवर बोट फिरवत खाली आली.
अठरावं नाव. बारदेस्कर प्रिसिला, आजरा.
"सगळ्या मॅच हरलेल्या टीमची? ही कोण गं?"

मी म्हणालो, "असंल कोणतरी."