अर्थिंग

दुसऱ्याच्या कानावरचा माल, नणंद म्हणाली,
आणि अडतीस हजाराला?
नवा एक लाख दहाला मिळतो, हे मी तिला सांगितलं नाही.

फरकाचा तिसरा हप्ता मंगळवारी जमा झाला.
नवव्या दिवशीचं पाणी बुधवारी आलं, ते भरून ठेवलं,
गुरुवारी रजा टाकून परभणीहून पॅसेंजरनं नांदेड.
पूर्णेला गाडी पाऊण तास उभी.
तेवढ्यात मी तो तीनदा विकत घेतला,
तीनदा परत केला.
एकदा तर शिलाई मशीन सरकवून
त्याला जागासुद्धा केली मनातल्या मनात.

इलियास देशमुख, पाटबंधाऱ्यातून निवृत्त.
दारातच म्हणाले, पैले चाय, बाद में सौदा.
मग टेबलावरचा रुमाल उचलला.
काळा, पाच किलोच्या मापासारखा जड,
कोपऱ्यावर ओरखडा, मेव्हण्याच्या हातून झालेला.
नॉब नऊच्या काट्यावर आला की डावीकडे खर्र होतं,
तेही त्यांनीच सांगितलं.
खरेदीत खोटं बोलणारा माणूस बरा.
नाही म्हणायला सोपं जातं.

मी जिल्हा रुग्णालयात कान तपासते.
अठरा वर्षं, रोज तीस-चाळीस डोक्यांवर हेडफोन चढवते:
आवाज आला की बोट वर करा,
नाही आला तर घाबरू नका.
जिनिंगमधले, क्रशरवरचे, डीजेवाले,
न बोलणारी लेकरं कडेवर घेऊन आलेल्या आया.
आज माझ्या डोक्यावर दुसऱ्या कुणी चढवला
आणि विचारलं, क्या सुनेंगे?

काही लावू नका, मी म्हटलं.
नुसता चालू करा, आणि आवाज पूर्ण वर.

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं पहिल्यांदा.
नॉब शेवटपर्यंत गेला.
गाणं काय, कुठलंही यंत्र वाजवतं.
गप्प राहायचे पैसे पडतात.

खूप खोल, डावीकडे जरा जास्त, गुणगुण.
पन्नास सायकलची. ओळखीचीच.
ओपीडीच्या ट्यूबलाइटची, आमच्या फ्रिजची,
दुपारी डीपीखालून जाताना अंगावर येते ती.
मी बोट वर केलं,
पेशंट करतात तसं.

देशमुख उठले. माठातून तांब्या भरला,
त्यात मूठभर खडेमीठ, आणि परसात गेले.
खिडकीतून दिसत होतं: भिंतीलगत विटांचा चौकोन,
त्यात ते वाकून बारीक धार सोडत होते,
तापानं फणफणलेल्याला पाजावं तसं.

अर्थिंग का गड्ढा, आत येऊन हात पुसत म्हणाले,
धूप में सूक जाता.
जमीन गीली, तो मशीन चुप.

तांब्याभर पाणी जिरायला लागेल तेवढ्या वेळात
गुणगुण विरत गेली.
मागे जे राहिलं त्याला काय म्हणावं?
अठरा वर्षं बूथपाशी काढली, पण हे ऐकलं नव्हतं.
बूथमध्ये पेशंट असतो.
मी काचेच्या बाहेर.

मग विकता कशाला?
पोराकडे चाललोय, हैद्राबादला, पाचव्या मजल्यावर.
उधर गड्ढा कां खोदूं?

छत्तीसला देतो म्हणाले, रविवारपर्यंत थांबतो,
जालन्याचं एक पोरगं मागं लागलंय.

परतीच्या गाडीत खिडकीशी हिशोब:
दोन ड्रम, एक टाकी, नऊ दिवस.
त्यात रोज एक तांब्या जमिनीला.
गल्लीत कळलं तर
यंत्राच्या किमतीपेक्षा तांब्याचंच बोलतील.

घरी चप्पल न काढताच मागच्या बाजूला गेले,
मीटरपासून वायरचा माग काढत.
वायर मातीत जाते तिथं एक फुटकी फरशी,
फरशीखाली मुंगळ्यांचं वारूळ, ठणठणीत कोरडं.
मोरीत मेथी धुतलेलं पाणी होतं, तेच ओतलं, मुंगळ्यांना चुकवून.

काऊन गं, काय लावलंस तिथं?
नणंद जाळीच्या दारातून.
काही नाही, म्हटलं.

फेस आला, बुडबुडे आले, आणि पाणी गेलं.
माती अजून कोरडीच वाटत होती.
मी आत जाऊन दुसरा तांब्या भरला,
यावेळी ड्रममधून.
आज गुरुवारच आहे.