तठे काय शे?

गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा.
म्हणून घेतली जुनी, बाजारपेठेतल्या पंक्चरवाल्याकडून.
चेनकव्हरवर अजून पुसटसं नाव: सौ. मंदाकिनी.
मी मंदाकिनी नाही.
मी चोपडा डेपोतली निवृत्त वाहक,
तेवीस वर्षं याच रस्त्याला तिकिटं फाडली
आणि खिडकीबाहेर पाहिलं नाही.
पाहिले ते सुट्टे पैसे.

पहाटे निघताना समोरच्या ओट्यावरून निंबाबाई:
"कथा चालनी वं?"
"सातपुडाकडे."
"तठे काय शे?"

सुरुवात चैत्रात केली, तीच चूक.
केळीच्या बागा संपतात तिथे सावली संपते,
नऊ वाजता डांबर टायरला धरून ठेवतं.
सालईची साल पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेली,
मोहाखालची जमीन रात्रीच वेचून स्वच्छ.
आणि त्या रखरखाटात अंजनाला नवी पालवी,
तांबूस, कोवळी,
लाजरी म्हणणार होते, पण नाही,
चक्क उद्धट.

रुमली बारेला तिथे शेळ्या चारते.
तिने एक पान तोडून दिलं,
दोन दलं, मध्ये फट.
"हे बघ, बकरीचं पाऊल.
आधी झाड झालं. मग पान बघून बकरी केली."
मी म्हटलं, उलट असेल.
"तिला विचार."
ती पान खात होती.

पावसाळ्याचं काय सांगू, चेन गंजली.
डोंगर हिरवा झाला की सगळेच येतात,
मोटारी, वेफर्सची पाकिटं, धबधब्यासमोर पाठमोरे फोटो.
मी श्रावण उतरल्यावर गेले.
काटेरी कुंपणावर कळलावी पेटलेली,
रुमलीच्या ओच्यात कर्टुली,
आणि एका धावड्यावर कोळ्याचं जाळं एवढं मोठं
की मी सायकल उतरून
वाकून
खालून गेले. गुडघ्याने तक्रार केली. करू दे.

थंडीत अनेरच्या पाण्यावर पट्टकादंब उतरले.
हिमालय ओलांडून आलेले,
आणि एकाकडेही तिकीट नाही!
डेपोतली जुनी माणसं भरीत करायला आली होती,
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, हाताला काजळी.
भामरे ड्रायव्हरने बदकं मोजली, एकशे चार,
मी मोजली एकशे अकरा,
आणि आम्ही भांडलो, पूर्वी हिशेबावरून भांडायचो तसे.
ती बदकं नव्हेतच, हंस आहेत म्हणे. रुमलीचा मुलगा म्हणाला.

त्यानेच सांगितलं होतं, इथे एक पिंगळा आहे,
भर दिवसा उघड्यावर बसणारा, रानातला.
पुण्याहून एकजण भलीमोठी लेन्स घेऊन आला
आणि चहा निवायच्या आत बघून गेला.
मी सात रविवार गेले.
सातही रविवारी साग होता, फांद्या होत्या,
एकदा मुंगूस,
एकदा माझीच शिट्टी परत आली.

मग फाल्गुनात, सत्रासेनच्या अलीकडे पंक्चर.
ना पंप, ना माणूस.
पळस इतका फुललेला की बघवेना,
म्हणून दुसरीकडे बघत बसले,
निष्पर्ण सागाकडे.
तो तिथे होता.
कधीपासून, कोण जाणे.
वाटोळं डोकं, त्यावर ठिपके जवळपास नाहीत,
पोट पांढरं, नजर पिवळी,
तपासनीस गाडीत चढल्यावर बघतो तशी.
त्याने शेपटी एकदा झटकली,
घंटीची दोरी ओढावी तशी.

एक टोला म्हणजे थांबा.
दोन म्हणजे चला.
तेवीस वर्षांत हे मीच सगळ्यांना सांगितलं.
मी थांबले.
दुसऱ्या टोल्याची वाट बघत बसले,
ऊन पायावरून मांडीवर आलं,
मांडीवरून पाठीकडे गेलं.

सायकल ढकलत घरी पोहोचले तेव्हा दिवे लागले होते.
निंबाबाई ओट्यावरच.
"एवढा वखत? काय व्हतं तठे?"
"एक टोला," मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चपटलेल्या टायरकडे,
आणि तांब्या पुढे केला.
"तुले ऊन लागनं, वं."