अकरा अक्षरं

कोर्ट नाक्याच्या टपरीत
दुसरं अपील टाइप करतोय.
अर्जदार खैरुन्निसा बुरोंडकर, वय ब्याऐंशी,
राहणार कौसा.

बाप खलाशी. युद्धात बोट बुडाली,
तरंगणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या कुणीतरी.
त्या कुणीतरीवर पुढे खटला चालला.
फाइल दिल्लीत आहे.

मागच्या टपालानं दोन पानं आली.
मेलेल्यांची यादी उघडी,
त्यात बापाचं आडनाव चुकलेलं.
मारणाऱ्याच्या नावावर मात्र काळी पट्टी:
परराष्ट्र संबंधांना बाधा, कलम आठ, एक, अ.

"वीस वर्षांनी उघडतं ना रे सगळं?"
उघडतं, खाला. 'अ' सोडून.
"पहिलंच अक्षर अडलं म्हणायचं,"
ती म्हणाली, आणि पान उन्हात धरलं.
उन्हाला काय दिसणार.

पण चाळीस वर्षं याच यंत्रावर गेलीत माझी.
जाड असो की बारीक,
टाइपरायटरचं अक्षर जागा सारखीच घेतं.
फूटपट्टी ठेवली. वरच्या ओळीशी ताडून पाहिलं.
दोनदा.

"लिही," ती म्हणाली,
"अकरा आहेत, आम्ही मोजलीत.
कुठली, तेवढंच विचारतोय."