पंचनाम्यात नसलेलं

काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्या बाईचं घर
आगीत जावं,
यावर लोकांनी हसायला हवं होतं.
कुणी हसलं नाही, तेच जड गेलं.
भवानी पेठेने चहा आणून दिला, चादरी दिल्या,
एकाने डाव्या पायाच्या दोन चपला,
आणि मग हळूच, "विमा होता का हो?"

मीटरच्या बोर्डातून लागली म्हणतात.
मी तेव्हा गिरणीत होते, ज्वारीच्या रांगेत.
परत आले तर काखेत पिठाचा डबा
आणि घर नाही.
आमचं म्हणून उरलेलं तेवढंच:
चार किलो, अजून कोमट.

पंचनाम्याला आलेला पोरगा नीट होता.
फ्रिज, लिहिलं.
कपाट, लिहिलं.
शिलाई मशीन, पायाचं, लिहिलं.
"अजून काही, मावशी?"
मी म्हणाले, नाही.
दोन हजार तीनशे सात
कुठल्या रकान्यात बसवणार तो?
वडिलांच्या टपरीखालून वेचलेले,
स्वारगेटच्या फलाटावर उकिडवं बसून उचललेले,
लग्नाकार्यात आचाऱ्याच्या मागे मागे फिरून मागितलेले
(सासूबाईंनी तेव्हा माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतं,
मुलीला कसली सवय वगैरे नाही ना).
कंदील, किल्ली, तीन बदकं, सायकलवरची बाई,
आणि एक मोर, ज्याला छापणाऱ्याने
चुकून तीन पाय दिले होते.
त्या मोरासाठी मी रडले.
फ्रिजसाठी नाही.

मग धनकवडीला भाड्याची खोली.
गॅसला लायटर.
देवापुढे सेलवरचा दिवा, तो देवाने चालवून घेतला.
मोहनीराज काही बोलले नाहीत,
फक्त उदबत्ती लावायची असली की
गॅलरीत जायचे, पाठ करून,
चोरून बिडी ओढल्यासारखे.
अकरा महिने.

एका रविवारी जुन्या बाजारात गेले
कुकरच्या शिट्टीसाठी.
इलियासभाईंनी ओळखलं. "ताई, लई दिवसांनी."
त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.
ताडपत्रीवर गंजलेले नळ, चष्म्यांच्या काड्या,
किल्लीवाचून एक कुलूप,
आणि कुलपाच्या आडोशाला ती.
डमरू छाप. लाल कमी, विटकरी जास्त.
मी उभीच राहिले. मग बसले.
"भरलेली आहे आतून," ते म्हणाले,
"पण पेटतील याची गॅरंटी नाही."
नकोच, म्हटलं.
वीस रुपये.
शिट्टी राहिली.

रात्री सगळं निजानीज झाल्यावर
बशीत पाणी घेतलं.
हात विसरले नव्हते:
ओढायचं नाही, नख लावायचं नाही,
कागद आपणहून लाकूड सोडतो,
त्याला घाई नसते,
आपल्याला असते, ती मांडीखाली दाबून बसायचं.
खालच्या घरात कुणाचा तरी टीव्ही चालू होता.
डमरूचा एक कोपरा उचलला गेला,
मग दुसरा,
आणि जुनी खळ पाण्यात उतरली
पांढरी, धुरासारखी.
मी दचकले नाही.
थोडी दचकले.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: १.
बराच वेळ बघत राहिले त्याच्याकडे.
खोडलं.
लिहिलं: २३०८.

काड्या मोजल्या, अठ्ठेचाळीस.
त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.
सध्या पाण्याच्या पिंपामागे आहेत.

सकाळी मोहनीराज चहाला बशी शोधत आले,
"यात कसला कागद पडलाय?"
म्हटलं, हात लावू नका.
ओला आहे अजून.